भिंतीतला पिंपळ कोणी उपटायचा?

(द्वितीय वर्ष, कला)

आपल्या समाजात काही कामे अशी आहेत, की ती झाली पाहिजेत असे सर्वांना वाटते, पण ती आपल्या हातून व्हावीत असे कोणालाच वाटत नाही. दारात मेलेले मांजर उचलणे, तुंबलेले गटार मोकळे करणे, ही अशा कामांची यादी सर्वांना पाठ आहे. या यादीत आणखी एक काम बसते. ते घाणेरडे म्हणून टाळले जात नाही, फार पवित्र म्हणून टाळले जाते. घराच्या भिंतीत उगवलेला पिंपळ उपटण्याचे काम ते हे. वार्षिकांकात देशापुढील प्रश्नांवर लिहायचे सोडून ही मुलगी भिंतीतल्या रोपट्यावर काय लिहीत बसली, असे कोणी म्हणेल. पण या वीतभर रोपट्याच्या मुळाशी आपला एक जुना स्वभाव दडलेला आहे. तो उकरून पाहण्यासारखा आहे, असे मला वाटते.

कोणत्याही तालुक्याच्या गावी जुन्या पेठेतून एक फेरी मारावी आणि मान जरा वर करून चालावे. वाड्यांच्या मागच्या भिंती, पडक्या वेशीचे चिरे, विहिरीचे कठडे, मोरीच्या पाइपाशेजारचे कोपरे, सगळीकडे लांब शेपटाची तजेलदार पाने हलताना दिसतील. सिमेंटच्या नव्या इमारतींनाही पिंपळाने सोडलेले नाही. गच्चीच्या पन्हळीखाली, सज्जाच्या बेचक्यात तो मजेत उभा असतो. घरमालकाला विचारले, तर तो म्हणतो, "हो, काढायचाय तो." कधीपासून काढायचा आहे, असे विचारले, तर "झाली की तीन-चार वर्षे" असे उत्तर मिळते. या तीन-चार वर्षांत घराला दोनदा रंग लागलेला असतो. रंगाऱ्याने पिंपळाला सांभाळून भोवतीने ब्रश फिरवलेला असतो.

हा पिंपळ तेथे येतो कसा? पिंपळाची फळे कावळे, साळुंक्या, बुलबुल, कोकीळ आणि वटवाघळे आवडीने खातात. फळातले बी खसखशीएवढे बारीक असते. ते पक्ष्याच्या पोटातून न पचता बाहेर पडते आणि विष्ठेबरोबर भिंतीच्या सांधीत, कौलाच्या आड, पन्हळीच्या गाळात जाऊन बसते. कावळ्याच्या पोटातून गेल्याशिवाय पिंपळ उगवत नाही, असे जुनी माणसे म्हणतात. कावळ्याचीच अट आहे असे नाही, पण पक्ष्यांनी बी पसरवावे ही पिंपळाची रीतच आहे. वड आणि उंबर हे त्याचे भाऊबंदही याच वाटेने भिंतीवर चढतात. बाकीच्या झाडांना रुजायला माती लागते. पिंपळाला चिमूटभर धूळ आणि थोडी ओल पुरते.

हे ओलीचे महत्त्वाचे आहे. कोरड्या, धड भिंतीत पिंपळ सहसा तग धरत नाही. जेथे नळ झिरपतो, जेथे पन्हळ तुंबून पाणी भिंतीवरून उतरते, जेथे गिलाव्याला तडा गेलेला आहे आणि दरजा मोकळ्या झालेल्या आहेत, तेथेच तो मूळ धरतो. म्हणजे पिंपळ हा त्या घराच्या ओलीचा पंचनामाच आहे. घराला काय दुखते आहे ते तो बाहेर येऊन सांगतो. आपण पंचनामा वाचत नाही, आणि तो फाडण्याचीही आपल्याला भीती वाटते.

पहिल्या पावसाळ्यात दोन-चार पानांचे रोप दिसते. ते चिमटीत धरून हलकेच ओढले, तर मुळासकट हातात येते. दुसऱ्या वर्षी ते वीतभर होते, आणि तोवर मूळ दगडामागच्या चुन्यात किंवा विटांमधल्या मातीत कितीतरी आत गेलेले असते. तिसऱ्या-चौथ्या वर्षी मूळ जाड होऊ लागते. भिंत फुटते ती या जाड होण्याने. मूळ केसासारखे असताना सांधीत शिरते आणि बोटासारखे झाले, की सांध रुंद करते. रुंद झालेल्या सांधीत अधिक पाणी शिरते, अधिक पाण्याने मूळ अधिक वाढते. अखेर एखाद्या पावसाळ्यात चिरा निसटतो, आणि मग आपण म्हणतो की भिंत जुनी होती. ओसरीवर टेकायला जागा मागून हळूहळू घरभर पाय पसरणाऱ्या पाहुण्याची गोष्ट आपण हसत हसत सांगतो. आपल्याच ओसरीवरचा हा पाहुणा मात्र आपल्याला दिसत नाही.

मग दोन पानांचा असतानाच तो का उपटत नाहीत? याला पंचांगातली सर्व कारणे उपलब्ध आहेत. शनिवारी उपटायचा नाही, कारण शनिवार पिंपळाचा वार. श्रावणात तर नाहीच, कारण श्रावणी शनिवारी अश्वत्थ-मारुतीचे पूजन असते. अमावास्येला नको, कारण झाडावर मुंजा असतो म्हणतात. घरात लग्न ठरलेले असेल तर नको, सून गरोदर असेल तर मुळीच नको. पिंपळ उपटला तर वंश बुडतो, ही भीती घराघरांत आहे. हे सर्व वार टाळून जो दिवस उरतो त्या दिवशी मालकाला कामावर जायचे असते. अशा रीतीने वर्षामागून वर्ष जाते आणि चिमटीने निघणारी गोष्ट पहारीवर येते. नखाने होणाऱ्या कामाला कुऱ्हाड लागू देऊ नये, असे आपण दुसऱ्याला सांगतो. हा उपदेश आपल्या भिंतीपर्यंत काही पोचत नाही.

आणि पहारीची वेळ आली, म्हणजे पहार कोणाच्या हातात दिली जाते? या लेखाचे खरे कारण येथे आहे, म्हणून थोडे घरचे सांगावे लागते. माझे वडील गवंडी आहेत. आई त्यांच्याच हाताखाली बिगारी म्हणून घमेली उचलते. सुट्टीत मीही विटा द्यायला जाते. त्यामुळे भिंतीतले पिंपळ मी वर्गाच्या खिडकीतून पाहिलेले नाहीत, परांचीवर उभे राहून पाहिले आहेत. गवंड्याला पिंपळाच्या कामासाठी बोलावणे येते, तेव्हा ते नेहमीच्या कामासारखे येत नाही. निरोप संध्याकाळी येतो, हलक्या आवाजात येतो. "मिस्त्री, आम्हाला ते चालत नाही. तुम्हाला चालतं. तेवढं करून टाका."

"आम्हाला चालत नाही, तुम्हाला चालतं." हे वाक्य मी इतक्या दारांत ऐकले आहे, की ते कोणा एका घराचे राहिलेले नाही. बोलणारे लोक वाईट असतात असे नाही. चहा देतात, मजुरीत फारशी घासाघीस करत नाहीत, उलट या कामाला दहा-वीस रुपये वरच देतात. मी नववीत असताना एका चांगल्या शिकल्यासवरल्या कुटुंबाने असेच बोलावले होते. रविवारी आम्ही सगळे परगावी जाणार आहोत, आमच्यामागे काढून टाका, असे त्यांचे म्हणणे होते. जाताना त्यांनी कट्ट्यावर नारळ, हळदकुंकू आणि अकरा रुपये ठेवले होते. उपटण्याआधी नारळ तुम्हीच फोडा, म्हणजे झाले, असा निरोप होता. उपटायचेही आम्ही आणि क्षमाही आम्हीच मागायची, अशी ती व्यवस्था होती.

आईने नारळ फोडला. पिंपळाला हळदकुंकू वाहिले, पदर पसरून नमस्कार केला. मग वडिलांनी छिन्नी लावली. घरी येताना आई एवढेच म्हणाली, "आन् आपल्या पोरांस्नी न्हाई व्हय लागायचं?" वडील काही बोलले नाहीत. त्याच आठवड्यात माझ्या धाकट्या भावाला ताप आला. ताप साधाच होता, चार दिवसांत उतरला. पण त्या चार रात्री आई त्याच्या उशाशी बसून होती, आणि तिच्या मनात कोणता विचार चालला होता हे मला न सांगता कळत होते. त्या कामाची मजुरी रोख मिळाली होती. त्या मजुरीत या चार रात्रींचा हिशेब धरलेला नव्हता.

येथे सुशिक्षित वाचक म्हणतील, की ही तर अंधश्रद्धा आहे, आईला समजावून सांगायला हवे होते. मान्य आहे, आणि मी सांगतेही. पण आईला समजावण्याआधी ज्यांनी तिच्याकडे ही भीती नारळासकट पोचती केली, त्यांना दोन शब्द कोणी सांगायचे? माझा मुद्दा साधा आहे. पिंपळ उपटणे पाप आहे असे तुम्ही मनापासून मानता काय? मानत असाल, तर ते पाप पैसे देऊन दुसऱ्याच्या मुलाबाळांवर घालणे हे त्याहून मोठे पाप नव्हे काय? आणि मानत नसाल, तर मग तीन-चार वर्षे कशाची वाट पाहता? दोन्ही बाजूंनी हिशेब केला, तरी उत्तर एकच येते. रोप दोन पानांचे असताना घरच्या माणसाने, घरच्या हाताने ते काढावे.

मजुरी देऊन काम करून घेण्यात वावगे काही नाही. आमचे घरच मजुरीवर चालते. गवंड्याला तुम्ही त्याच्या कसबाचे पैसे द्यावेत. त्याने उंचावर परांची बांधावी, दगड न हलवता मूळ काढावे, दरजा भरून भिंत पुन्हा ओळंब्यात आणावी. ही विद्या आहे आणि तिचे मोल झालेच पाहिजे. आक्षेप आहे तो वरच्या दहा-वीस रुपयांना. ते कसबाचे नसतात. ते आपल्या मनाची टोचणी दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवण्याचे भाडे असते. आपल्याकडे मैला कोणी वाहायचा, मेलेले ढोर कोणी ओढायचे, याची वाटणी याच न्यायाने झालेली आहे. काम एका घराचे आणि विटाळ दुसऱ्या घराला, असा तो न्याय. पिंपळाच्या बाबतीत तो न्याय नारळ घेऊन येतो, म्हणून ओळखू येत नाही, इतकेच.

आता श्रद्धेचा विचार करू. मी पिंपळाची थट्टा करण्यासाठी लिहीत नाही. ज्या झाडाच्या नावावर या महाराष्ट्रात पिंपरी, पिंपळगाव, पिंपळनेर अशी गावेच्या गावे वसली, ज्याच्या पारावर गावाचे न्यायनिवाडे झाले, त्याच्याविषयी आदर वाटणे स्वाभाविक आहे. गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंतांनी सर्व वृक्षांमध्ये अश्वत्थ तो मी, असे म्हटले आहे. आमचे मालक लोक हा आधार नेहमी देतात. पण त्याच गीतेचा पंधरावा अध्याय उघडला, तर सुरुवातीलाच पुन्हा अश्वत्थ येतो. वर मुळे आणि खाली फांद्या असलेला तो संसाराचा वृक्ष आहे. खोल मुळे धरलेला हा अश्वत्थ असंगाच्या बळकट शस्त्राने छेदावा, असे तेथे सांगितले आहे. ज्ञानेश्वर माउलींनी त्या रूपकाचा केवढा विस्तार केला आहे, हे मराठीच्या प्राध्यापकांना मी सांगायला नको. ते रूपक आहे आणि त्याचा अर्थ भिंतीतल्या रोपाशी जोडायचा नाही, हे मला कळते. पण मुळे खोल जाण्याआधी निर्णय घ्यावा, आणि छेदणाऱ्याने आपल्याच हातात शस्त्र घ्यावे, एवढा बोध त्यातून घ्यायला हरकत नसावी. तेथे अर्जुनाला शस्त्र दुसऱ्याच्या हाती दे, असे कोणी सांगितलेले नाही.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. जगात सर्वांत पूजनीय पिंपळ कोणता? बुद्धगयेचा बोधिवृक्ष. सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा हिने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात त्याची फांदी श्रीलंकेत नेली. ती अनुराधपूरला लावली गेली आणि तो वृक्ष आजही उभा आहे. बुद्धगयेचा जुना वृक्ष १८७६ साली वादळात पडला. त्याच्याच वंशाचे रोप १८८१ साली अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी त्या जागी लावले, आणि आज आपण पाहतो तो वृक्ष त्या रोपाचा आहे. नागपूरच्या दीक्षाभूमीवर, जेथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५६ साली धम्मदीक्षा घेतली, तेथला बोधिवृक्षही अनुराधपूरच्या वृक्षाचाच वंशज आहे. म्हणजे ज्या पिंपळांपुढे लोक मस्तक टेकवतात, ते माणसाने एका जागेवरून काढून दुसऱ्या योग्य जागी लावलेले पिंपळ आहेत. पिंपळाला हात लावणे हे पाप असते, तर यांतला एकही वृक्ष आज उभा नसता. आदर म्हणजे हात न लावणे, ही आपली सोयीची व्याख्या आहे.

तिसरा आक्षेप आजकालचा आहे. एकीकडे झाडे लावा म्हणून सांगतात आणि तू उपटा म्हणून सांगतेस, असे मैत्रिणी म्हणतात. पिंपळ रात्रीदेखील प्राणवायू सोडतो, असेही त्या सांगतात. हे शेवटचे शास्त्राला धरून नाही. झाड प्राणवायू सोडते ते उजेडात अन्न तयार करताना. रात्री तेही आपल्यासारखा श्वासोच्छ्वास करते, आणि पिंपळ याला अपवाद नाही. राहिली झाडे लावण्याची गोष्ट. भिंतीतला पिंपळ हा झाड होणारच नसतो. त्याच्या नशिबी दोनच गोष्टी असतात. एक तर भिंत पडेल आणि तिच्याबरोबर तोही पडेल, नाहीतर ऐन भरात आला असताना तो तोडला जाईल. त्याची सावली कोणावर पडत नाही, त्याच्या बुंध्याला पार बांधला जात नाही. ज्याला पिंपळ वाचवायचा आहे, त्याने तो भिंतीतून लवकरात लवकर सोडवला पाहिजे.

तो कसा सोडवावा, हेही थोडक्यात सांगते. यात माझी हुशारी नाही, जे परांचीवर पाहिले तेच आहे. पावसाची पहिली झड होऊन गेली, की सांधीतली माती मऊ होते. तेव्हा दोन-चार पानांचे रोप अगदी बुडाशी धरावे आणि न हिसकता हळूहळू ओढावे. पाऊस नसेल, तर आदल्या संध्याकाळी त्या जागी तांब्याने पाणी सोडावे. मूळ तुटले असे वाटले, तर थांबावे आणि छिन्नीच्या टोकाने सांध उकरून उरलेला तुकडा काढावा. नुसते कोयत्याने वरून छाटणे म्हणजे पिंपळाची चेष्टा आहे. पुढच्या पावसात एकाच्या जागी तीन फांद्या येतात. मूळ निघाल्यावर सांध साफ करून, पाणी मारून दरजा भरावी. भिंत सिमेंटची असेल तर सिमेंट-वाळूने, जुनी चुन्याची असेल तर चुन्याने भरावी. चुन्याच्या मऊ भिंतीत सिमेंट नीट जीव धरत नाही आणि ओल आत कोंडते. शेवटी, ज्या गळक्या नळाने किंवा तुंबलेल्या पन्हळीने हे सर्व झाले, ती दुरुस्त करावी. ती तशीच ठेवली, तर पक्षी आहेतच आणि पिंपळही येणारच.

घरगुती उपायांविषयीही बोलले पाहिजे. कोणी मुळात हिंग भरतात. हिंगाने पिंपळ मेल्याचे मी पाहिलेले नाही, हिंग संपलेला मात्र पाहिला आहे. कोणी मीठ भरतात, त्याने भिंतीला लोणा लागतो. कोणी अॅसिड ओततात. ते मुळापर्यंत जाण्याआधी चुना खाते, म्हणजे जे काम पिंपळ दहा वर्षांत करणार ते आपण दहा मिनिटांत करतो. विषारी तणनाशके विहिरीजवळ किंवा मोरीजवळ ओतणे तर सरळ धोक्याचे आहे. या सर्व उपायांच्या मागे एकच इच्छा दिसते, की झाड मरावे पण आपण मारले असे दिसू नये. चोरून केलेल्या कामाची जात अशीच असते. ते धड होत नाही.

मोठा झालेला पिंपळ ही गोष्ट वेगळी आहे. तेथे हात चालत नाही, कसबच लागते. जाड मूळ ओढून काढू गेले, तर त्याच्याबरोबर चिरे येतात. म्हणून खोड कापून, मूळ आतल्या आत मारून, मग पोकळी भरत यावे लागते. किल्ल्यांवर संवर्धनाचे काम करणाऱ्यांना हे चांगले ठाऊक आहे. २०२५ च्या जुलै महिन्यात महाराष्ट्रातले अकरा आणि तमिळनाडूतला जिंजी, असे मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले, याचा आपण सर्वांनी अभिमान बाळगला. पण तटबंदीच्या सांधीत आज रुजणारे रोप चिमटीने काढायला वर्षातून एकदा जाणे हाही त्या अभिमानाचा भाग आहे, आणि तो घोषणांपेक्षा स्वस्त आहे.

शहरात तर मोठे झाड म्हणजे कायद्याचीही बाब होते. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ प्रमाणे झाड तोडण्याआधी परवानगी घ्यावी लागते. २०२१ साली त्यात बदल होऊन पन्नास वर्षे व त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून वेगळे संरक्षण मिळाले. हा कायदा योग्यच आहे, त्याच्याविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. एवढेच म्हणणे आहे, की आपण आळस करत गेलो, तर प्रश्न हातातून पहारीकडे आणि पहारीकडून अर्जाकडे जातो. मोठ्या झाडासाठी गवंड्याला बोलावणे अपरिहार्य असेल, तर जरूर बोलवावे. पण त्या दिवशी परगावी जाऊ नये. घरात राहावे. नारळ फोडायचा असेल, तर यजमानांनी स्वतः फोडावा, आणि पहिला घाव आपल्या हाताने घालून मग छिन्नी मिस्त्रीच्या हाती द्यावी. एवढे केले, तर माझ्या आईसारख्या बायका निदान रात्री झोपतील.

काढलेल्या रोपाचे काय करायचे? प्रत्येक रोप लावता येणार नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. गावात दरवर्षी जेवढी रोपे भिंतींत येतात तेवढे पिंपळ लावायला जागा नाही, आणि पिंपळाला जागा फार लागते. बाकीची रोपे शेळीपुढे टाकावीत. शेळ्या पिंपळाचा पाला आवडीने खातात, आणि त्यात कोणताही अपमान नाही. पण मुळासकट निघालेली चार-दोन चांगली रोपे ओल्या बारदानात गुंडाळून आणावीत, कुंडीत माती आणि शेणखत घालून लावावीत, पंधरा दिवस सावलीत ठेवावीत. वर्षभराने, पावसाच्या तोंडावर, ती गायरानात, माळावर, स्मशानाच्या कडेला किंवा शाळेच्या मोकळ्या पटांगणाच्या टोकाला लावावीत. घर, विहीर आणि पाण्याची वाहिनी यांपासून ती दूर असावीत. जो पिंपळ घराला पाडणार होता, तो तेथे पन्नास वर्षांनी गुरांना आणि माणसांना सावली देईल.

संत गाडगेबाबा ज्या गावी जात, त्या गावाचे रस्ते आधी खराट्याने झाडत आणि मग रात्री कीर्तन करत. झाडण्याचे काम कोणी करायचे, हा प्रश्न त्यांनी कीर्तनात नंतर विचारला, हातात खराटा आधी घेतला. आपण पदवीसाठी शिकत आहोत. आपल्यापैकी पुष्कळ जण घरातले पहिलेच आहेत. उद्या नोकरी लागेल, घर बांधू, आणि त्या घराच्या भिंतीतही कधीतरी पिंपळ येईल. त्या वेळी आपणही संध्याकाळी हलक्या आवाजात कोणाला तरी म्हणू का, "आम्हाला चालत नाही, तुम्हाला चालतं"? शिक्षणाने आपल्याला वाचता-लिहिता आले, चांगले बोलता आले. आपले काम, आणि आपल्या कामाची भीती, दुसऱ्यावर न टाकण्याचे बळ त्याने दिले का, हे त्या दिवशी कळेल.

म्हणून एक सूचना करते. आपल्या महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजना आहे. दरवर्षी आपण वृक्षारोपण करतो, फोटो काढतो. येत्या पावसाळ्यात पहिली झड झाली, की एका रविवारी आपण पेठेतून फिरावे. परवानगी देतील त्या घरांच्या भिंतींतली लहान रोपे काढावीत, सांधी भरून द्याव्यात, आणि त्यांतली चांगली रोपे कुंड्यांत लावून पुढच्या वर्षीचे वृक्षारोपण त्याच रोपांचे करावे. विकत रोपे आणायला नकोत. छिन्नी, थापी आणि घमेली मी घरून आणीन, दरजा कशी भरायची ते माझे वडील दाखवतील. अट एकच राहील. प्रत्येक घरातले पहिले रोप घरमालकाने स्वतः, आपल्या हाताने उपटायचे. मग पुढची आपण उपटू.